ती आणि त्या : जर्मन स्त्रीलिंगी शब्द कसा चालवायचा

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर ‘माला शब्द चालवा’ हा प्रश्न अजून आठवत असेल. माला, माले, मालाः पासून सुरुवात, आठ विभक्त्या, तीन वचनं, एकूण चोवीस घरं. तोच धाक मनात घेऊन जर्मनच्या बॅचला येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते की जर्मनमधला स्त्रीलिंगी शब्द एकवचनात चालतच नाही. बसल्या जागेवरून हलत नाही. फ्राउ म्हणजे बाई. बाई आली, बाईला पाहिलं, बाईला मदत केली, बाईची पिशवी उचलली, तरी फ्राउ ती फ्राउच. बहुतेक पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी शब्दांना षष्ठीत शेवटी ‘स’ लागतो, तोही हिला लागत नाही. बदलतं ते फक्त तिच्यापुढचं आर्टिकल, म्हणजे इंग्रजीतल्या ‘द’, ‘अ’सारखा नामाआधी येणारा छोटा शब्द.

मग एवढ्याशा गोष्टीत लोक दोन-दोन वर्षं का अडखळतात? कारण आपली सवय शब्दाची शेपटी बघण्याची आहे. वाट-वाटेला, विहीर-विहिरीला, गाय-गाईला. विभक्ती झाली की शब्द मागून वाकतो हे आपल्या अंगात मुरलंय. जर्मन मात्र शब्द सरळ ठेवते आणि त्याच्यापुढचं चिमुकलं आर्टिकल वाकवते, आणि आपण ते ऐकतच नाही. मी स्वतः शिकत होते तेव्हा कित्येक महिने ‘मिट डी टाशे’ (पिशवीसोबत) लिहीत होते आणि प्रत्येक वेळी ‘डी’भोवती लाल गोल येत होता. टाशे बरोबर, मिट बरोबर, आणि मधलं डी चूक.

लिहिण्याबद्दल एक सूचना. जर्मन शब्द इथे देवनागरीत लिहिलेत, त्यामुळे उच्चार थोडे ओबडधोबड होणार. ‘टाशे’, ‘ब्लूमे’ असे शब्द मात्रेने संपतात तिथे पूर्ण ‘ए’ म्हणू नका. ‘पोरगं’, ‘घोडं’ म्हणताना शेवटी जो आखूड आवाज निघतो, तो जास्त जवळचा.

आधी शब्द स्त्रीलिंगी आहे का ते बघा

मराठीतलं लिंग जर्मनमध्ये नेऊ नका. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांची झोने स्त्रीलिंगी. आपलं दूध नपुंसकलिंगी, त्यांची मिल्श स्त्रीलिंगी. जेवणाच्या टेबलावर तर तिन्ही लिंगं शेजारी शेजारी बसलेली असतात : चमचा डेअर ल्योफेल, काटा डी गाबेल, सुरी डास मेसर. (प्रथमेत डेअर पुल्लिंगी, डी स्त्रीलिंगी, डास नपुंसकलिंगी.) एका गोष्टीत मात्र मराठी माणूस इंग्रजीवाल्यांच्या पुढे असतो. मुलीला ‘डास मेडशेन’ म्हणजे नपुंसकलिंगी म्हणतात हे ऐकून आपण दचकत नाही. आपणही ‘ते पोरगं’ म्हणतोच की.

शेवट बघून बरंच कळतं. उंग, हाइट, काइट, शाफ्ट, त्सिओन, टेट यांनी संपणारे शब्द डोळे मिटून स्त्रीलिंगी धरा : त्साइटुंग (वर्तमानपत्र), फ्रायहाइट (स्वातंत्र्य), उनिव्हेर्सिटेट (विद्यापीठ). बायकांचा व्यवसाय किंवा देश सांगणारे ‘इन’ने संपणारे शब्दही तसेच : लेरेरिन (शिक्षिका), एर्त्स्टिन (डॉक्टरीणबाई), इंडरिन (भारतीय स्त्री). आखूड ‘ए’ने संपणारे बहुतेक शब्द स्त्रीलिंगी असतात, पण तिथे थोडा सांभाळ हवा. डेअर नामे (नाव), डेअर केझे (चीज), डास आउगे (डोळा) हे त्यातले फितूर. बाकीचे शब्द आर्टिकलसकट पाठ करायचे, त्याला इलाज नाही. वहीत नुसतं ‘टाशे’ लिहिलंत तर ते लिहिलं नाही असंच समजा. ‘डी टाशे’ असंच लिहायचं.

ती आणि त्या

आता मुख्य गोष्ट. जर्मनला चार विभक्त्या आहेत : प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी. स्त्रीलिंगी एकवचनात आर्टिकलची रूपं मात्र दोनच.

प्रथमा : डी टाशे
द्वितीया : डी टाशे
चतुर्थी : डेअर टाशे
षष्ठी : डेअर टाशे

टाशे म्हणजे पिशवी. आता हीच चार रूपं मराठी वाक्यांत म्हणा, पण पिशवीआधी ‘ती’ लावून.

ती पिशवी पडली.
ती पिशवी घे.
त्या पिशवीला बंद लाव.
त्या पिशवीची चेन तुटली.

ती, ती, त्या, त्या. डी, डी, डेअर, डेअर. म्हणजे जर्मन जे करते ते आपण लहानपणापासून करत आलोय. आपण ‘ती’ची ‘त्या’ करतो आणि वर पिशवीला ‘ला’, ‘ची’ही जोडतो. जर्मनने मागचा प्रत्यय सोडून दिला आणि पुढचं ‘त्या’ तेवढं ठेवलं. ‘त्या पिशवी’ असं अर्धवट बोलणाऱ्या एखाद्या परदेशी माणसाची कल्पना करा. तो मराठीत चुकतोय, पण जर्मन त्याच साच्यात बोलते.

‘आइने’ (एक) हे आर्टिकलही असंच चालतं : आइने, आइने, आइनर, आइनर. ‘काइने’ (एकही नाही), ‘माइने’ (माझी), ‘डाइने’ (तुझी) यांचंही तेच : माइने टाशे, पण मिट माइनर टाशे. डेअरच्या शेवटी जो ‘र’ आहे तोच इथे ‘आइनर’, ‘माइनर’मध्ये आलाय. स्त्रीलिंगी शब्दापुढे हा ‘र’ दिसला की ‘त्या’ समजा. सर्वनामातही तो सापडतो. ती म्हणजे झी, तिला म्हणजे ईअर. इश झेए झी, मी तिला बघते. इश हेल्फे ईअर, मी तिला मदत करते.

पण थांबा. या दोन्ही वाक्यांत मराठीने ‘तिला’च म्हटलं आणि जर्मनने दोन वेगळे शब्द वापरले. खरी ठेच इथेच लागते.

‘ला’चा घोळ आणि पिशवीची चाचणी

मराठीत माणसाच्या बाबतीत द्वितीयेलाही ‘ला’ आणि चतुर्थीलाही ‘ला’. ‘मी त्या बाईला बघते’ आणि ‘मी त्या बाईला मदत करते’, कानाला दोन्ही सारखीच. जर्मनमध्ये मात्र इश झेए डी फ्राउ, पण इश हेल्फे डेअर फ्राउ.

यावर मी वर्गात एक उपाय सांगते. बाईला वाक्यातून उचला आणि तिच्या जागी पिशवी ठेवा. वस्तूच्या बाबतीत मराठी द्वितीयेचा ‘ला’ गाळते. ‘मी ती पिशवी बघते’ चालतं का? चालतं, ‘ला’ पडला. म्हणजे द्वितीया, म्हणजे डी. ‘मी ती पिशवी मदत करते’ चालतं का? नाही. ‘पिशवीला मदत’ हे कितीही वेडगळ वाटलं तरी ‘ला’ सुटत नाही. म्हणजे चतुर्थी, म्हणजे डेअर. डांकेन (आभार मानणे), आंटवोर्टेन (उत्तर देणे), फोल्गेन (मागोमाग जाणे) ही क्रियापदंही चतुर्थीच घेतात. आवडणे तर शब्दाला शब्द जुळतं : डी टाशे गेफेल्ट डेअर फ्राउ, ती पिशवी त्या बाईला आवडते.

ही चाचणी तीन ठिकाणी दगा देते, तेही सांगितलं पाहिजे.

एक, मराठीचा ‘ने’. ‘त्या बाईने पिशवी उचलली’ यात ‘त्या’ आहे, पण ती बाई कर्ता आहे. जर्मनमध्ये कर्ता प्रथमेतच. म्हणून वाक्य आधी वर्तमानकाळात आणा : ‘ती बाई पिशवी उचलते’. आता ‘ती’ आली, डी फ्राउ.

दोन, ‘त्या बाईला भूक लागली’, ‘त्या बाईला जर्मन येतं’ अशी आपली लाडकी वाक्यं. इथेही जर्मन बाईला कर्त्याच्या जागी बसवते : डी फ्राउ हाट हुंगर, म्हणजे बाईकडे भूक आहे.

तीन, काही क्रियापदं चाचणीलाच जुमानत नाहीत. विचारणे म्हणजे फ्रागेन. मराठीत ‘बाईंना विचार’, ‘ला’ काही केल्या सुटत नाही. तरी जर्मन म्हणते इश फ्रागे डी लेरेरिन, द्वितीया. फोन करणे म्हणजे आनरूफेन, तेही तसंच. ही दोन भिंतीवर लिहून ठेवा. रोज लागतात.

शब्दयोगी अव्ययं आणि दोन फ्रांकफुर्ट

मराठीत शब्दयोगी अव्यय आलं की सामान्यरूप ठरलेलंच : त्या पिशवीसाठी, त्या पिशवीसोबत, त्या पिशवीशिवाय. सगळीकडे ‘त्या’. जर्मनमध्ये तसं नाही, म्हणून इथे कान बाजूला ठेवायचे आणि याद्या पाठ करायच्या.

आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फॉन, त्सू यांच्यानंतर कायम चतुर्थी, म्हणजे डेअर. त्सू आणि डेअर मिळून त्सुर होतं : त्सुर शूले, शाळेकडे. डुर्श, फ्युर, गेगेन, ओने, उम यांच्यानंतर कायम द्वितीया, म्हणजे डी. त्यामुळे ‘पिशवीसोबत’ मिट डेअर टाशे आणि ‘पिशवीशिवाय’ ओने डी टाशे. अर्थ एकमेकांच्या उलट आणि विभक्तीही वेगळी.

चतुर्थीची रूपं पक्की करायची सोपी जागा म्हणजे नकाशा. जर्मनीत फ्रांकफुर्ट नावाची दोन शहरं आहेत, म्हणून ओळखीसाठी नदीचं नाव जोडतात. मोठं, विमानतळवालं, ते फ्रांकफुर्ट आम माइन. पोलंडच्या सीमेवरचं ते फ्रांकफुर्ट आन डेअर ओडर. माइन नदी पुल्लिंगी, म्हणून आन (काठी) आणि डेम (पुल्लिंगी चतुर्थीचं आर्टिकल) मिळून ‘आम’ झालं. ओडर स्त्रीलिंगी, म्हणून ‘आन डेअर’. नदी म्हटली की आपल्या डोक्यात ती बाईच असते, पण जर्मनांची राइन पुल्लिंगी आहे, आणि एल्बे, डोनाउ, श्प्रे, ईझार स्त्रीलिंगी. ड्रेसडेन आन डेअर एल्बे, रोटेनबुर्ग ओप डेअर टाउबर (ओप हा ‘वर’ या अर्थाचा जुना शब्द). अशी नावं वाचत गेलात की चतुर्थी आपोआप कानात बसते.

तिसरा गट नऊ शब्दांचा : आन, आउफ, हिंटर, इन, नेबेन, युबर, उंटर, फोर, त्स्विशेन. यांच्यानंतर विभक्ती प्रसंग बघून ठरते. एका जागेहून दुसऱ्या जागी जाणं किंवा नेणं असेल तर द्वितीया, आहे तिथेच असेल तर चतुर्थी. आपण ‘पुस्तक पिशवीत ठेव’ आणि ‘पुस्तक पिशवीत आहे’ दोन्हीकडे ‘पिशवीत’च म्हणतो. जर्मन पहिल्याला इन डी टाशे म्हणते, दुसऱ्याला इन डेअर टाशे. स्वित्झर्लंड त्यांच्याकडे स्त्रीलिंगी आहे आणि आर्टिकलशिवाय बोलत नाहीत, म्हणून सरावाला फार छान : इश फारे इन डी श्वाइत्स (जाते), इश वोने इन डेअर श्वाइत्स (राहते), इश कोमे आउस डेअर श्वाइत्स (तिथून येते). नुसती हालचाल पुरत नाही, एवढं लक्षात ठेवा. मुलं शाळेच्या आतच धावत असतील तर ती इन डेअर शूले धावतात, कारण जागा बदलली नाही.

विशेषण : मोठी आणि मोठ्या

हा भाग स्त्रीलिंगात इतका सोपा आहे की त्याची भीती घालणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ती मोठी पिशवी, त्या मोठ्या पिशवीत. मराठीत ‘ती’ची ‘त्या’ झाली की ‘मोठी’ची ‘मोठ्या’ होते. जर्मनमध्ये डी ग्रोसे टाशे, इन डेअर ग्रोसेन टाशे. डीसोबत ‘ए’, डेअरसोबत ‘एन’. आइनेनेही काही फरक पडत नाही : आइने ग्रोसे टाशे, इन आइनर ग्रोसेन टाशे. पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगीत आइन आलं की विशेषणाची रूपं वेगळी होतात, इथे तो ताप नाही.

आर्टिकलच नसेल तर मात्र त्याचा ‘र’ कुणीतरी उचलावा लागतो, आणि तो विशेषण उचलतं. काल्टे मिल्श म्हणजे थंड दूध. थंड दुधासोबत म्हणजे मिट काल्टर मिल्श. डेअर नाही, आइनर नाही, म्हणून ‘र’ काल्टेच्या शेवटी येऊन बसला.

एक वाक्य उघडून बघू

डी श्वेस्टर डेअर लेरेरिन शेंक्ट डेअर नाखबारिन आइने ब्लूमे.

शिक्षिकेची बहीण शेजारणीला एक फूल भेट देते. चार स्त्रीलिंगी नामं, चारही विभक्त्या, आणि एकाही नामाची मात्राही हललेली नाही. दोन ‘डेअर’ आहेत, मग षष्ठी कुठली आणि चतुर्थी कुठली? साध्या जर्मन विधानात क्रियापद दुसऱ्या जागी असतं, आणि त्याच्याआधी जे काही आहे ते सगळं मिळून एक जागा. शेंक्टच्या आधी ‘डी श्वेस्टर डेअर लेरेरिन’ हा एकच गठ्ठा आहे. त्यात एका नामाला चिकटून मागे आलेला डेअर षष्ठीचा : शिक्षिकेची बहीण. मराठीत मालक आधी येतो, इथे मागून. शेंक्टनंतरचा डेअर कुणाला चिकटलेला नाही. द्यायचं कुणाला, हे सांगणारी ती चतुर्थी.

षष्ठी जड वाटत असेल तर बोलताना ‘फॉन’ लावून चतुर्थी वापरली तरी भागतं : डी श्वेस्टर फॉन डेअर लेरेरिन. दोन्हीकडे डेअरच. म्हणूनच ‘वेगेन’ (मुळे) या शब्दानंतर षष्ठी लावायची की चतुर्थी, या जर्मनांच्या घरगुती भांडणात स्त्रीलिंगी एकवचन कधी सापडत नाही. परीक्षेमुळे म्हणजे वेगेन डेअर प्र्युफुंग, काहीही माना.

अनेकवचन : इथे नाम हलतं

वाट-वाटा, पण भिंत-भिंती. असं का, हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं? जर्मन अनेकवचनाकडेही त्याच नजरेने बघा. त्यातल्या त्यात स्त्रीलिंगी शब्द बऱ्यापैकी शहाणे आहेत, बहुतेकांना न् किंवा एन लागतं. टाशे-टाशेन, त्साइटुंग-त्साइटुंगेन, फ्राउ-फ्राउएन. ‘इन’वाल्या बायकांचा न दुणावतो : लेरेरिन-लेरेरिनेन. एल आणि अरने संपणाऱ्यांना नुसता न् : गाबेल-गाबेल्न, श्वेस्टर-श्वेस्टर्न. (चमचा आणि सुरी अनेकवचनात तशाच राहतात, काट्यालाच तेवढा न्.)

त्रास देतो तो एकाक्षरी घरगुती शब्दांचा जथा. यांचा आतला स्वर बदलतो आणि शेवटी ए लागतो : हांट-हेंडे (हात), वांट-वेंडे (भिंत), श्टाट-श्टेटे (शहर), नाख्ट-नेश्टे (रात्र), कू-क्युए (गाय), माउस-मॉयझे (उंदीर). हे रोजचे शब्द आहेत, म्हणून पाठच करा. बांकची गंमत बघा. बसायचं बाक असेल तर बेंके, पैसे ठेवायची बँक असेल तर बांकेन. नुसता स्वर बदलणारे दोनच शब्द, आई आणि लेक : मुटर-म्युटर, टॉख्टर-ट्योश्टर. आजीला स लागतो, ओमास. निसने संपणाऱ्यांचं निसे होतं : एरलाउबनिस-एरलाउबनिसे (परवानगी). फिर्मा (कंपनी) आपला आ टाकून फिर्मेन होते.

अनेकवचनाची आर्टिकलं तिन्ही लिंगांना एकच : प्रथमा डी, द्वितीया डी, चतुर्थी डेन, षष्ठी डेअर. चतुर्थीत नामालाही न् लागतो, पण बहुतेक स्त्रीलिंगी शब्दांकडे तो आधीपासूनच असतो. बर्लिनचा एक प्रसिद्ध रस्ता आठवा, उंटर डेन लिंडेन. लिंडेच्या झाडांखाली. डी लिंडे, अनेक लिंडेन, आणि उंटरनंतर चतुर्थी म्हणून डेन. न् नव्याने लावावा लागतो तो हातांना, शहरांना आणि आयांना : डेन हेंडेन, डेन श्टेटेन, डेन म्युटर्न. ओमास मात्र स घेऊन तशाच राहतात.

नियमाबाहेरचे

‘एकवचनात नाम हलत नाही’ हे मी ठासून सांगितलं, पण विशेषणापासून बनलेली नामं विशेषणासारखीच वागतात. जर्मन स्त्री म्हणजे डी डॉइचे, तिला म्हणजे डेअर डॉइचेन. इंडरिन मात्र डेअर इंडरिन. विशेषनामाला षष्ठीत स लागतो, बाईचं असलं तरी : आनास टाशे.

आणि जुन्या काळी स्त्रीलिंगी शब्दही एकवचनात हलायचे, त्याच्या खुणा अजून आहेत. ऊन म्हणजे झोनेनशाइन. सूर्य एकच, तरी झोनेन, कारण ते अनेकवचन नसून जुनी षष्ठी आहे. ड्रेसडेनचं फ्राउएनकिर्शे, १९४५ मध्ये कोसळलेलं आणि २००५ मध्ये पुन्हा खुलं झालेलं, ते बायकांचं चर्च नव्हे. एकाच बाईचं, मेरीमातेचं. ‘पृथ्वीवर’ या अर्थाने आउफ एर्डेन म्हणतात, तेही त्यातलंच. याच्या उलट वाढदिवस, गेबुर्ट्सटाक. गेबुर्ट (जन्म) स्त्रीलिंगी, तिला षष्ठीत कधी स लागत नाही, पण समासात मात्र लागतो. हा स विभक्तीचा नाही, केवळ सांधा आहे. त्यावरून षष्ठी ठरवायला जाऊ नका.

आता हात चालवा

आधी उत्तरं झाका. १) मी त्या बाईला ओळखते (ओळखते : केने). २) ही पिशवी शिक्षिकेची आहे (‘गेह्योर्ट’ वापरा, त्याला चतुर्थी लागते). ३) मी माझ्या मावशीसोबत बँकेत जाते (मावशी : टांटे). ४) त्या शहरांमध्ये.

उत्तरं : १) इश केने डी फ्राउ. पिशवी ओळखता येते, ‘ला’ पडतो. २) डी टाशे गेह्योर्ट डेअर लेरेरिन. ३) इश गेए मिट माइनर टांटे त्सुर बांक. ४) इन डेन श्टेटेन.

पाचवं मी वर्गात शेवटच्या दहा मिनिटांत फळ्यावर लिहिते आणि गप्प बसते : डेअर मान डेअर एर्त्स्टिन वोन्ट इन डेअर श्वाइत्स. डॉक्टरीणबाईंचा नवरा स्वित्झर्लंडमध्ये राहतो. तीन डेअर आहेत. पहिला नवऱ्याचा, पुल्लिंगी प्रथमा. दुसरा डॉक्टरीणबाईंचा, षष्ठी. तिसरा स्वित्झर्लंडचा, चतुर्थी. बहुतेक जण तिसऱ्यावर अडकतात आणि म्हणतात, ‘बाई, देश पुल्लिंगी आहे ना?’